भोईरबाईंचा देश

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात एक अख्खा देश होता. सिमेंटचा, उठावाचा, हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत, दोन वर्ग मावतील एवढा मोठा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, शाळेला कुलूप असताना, संस्थेनं ब्रेकर लावून तो फोडला आणि त्या जागी हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला. आता तिथे संध्याकाळी बाहेरची माणसं भाड्यानं बॉक्स क्रिकेट खेळतात. बायको म्हणते, यावर लिहायचंच असेल तर जरा शांत डोक्यानं लिहा, तुम्हाला बी.पी. आहे. बी.पी. आहे हे खरं. पण शांत डोकं आणू कुठून? ज्यांनी फोडला त्यांचीच डोकी काय ती शांत होती.

तो देश भोईरबाईंचा. कुंदा भोईर, भूगोलाच्या बाई. मी त्याच शाळेत पी.टी.चा मास्तर. भूगोलाशी माझा संबंध एवढाच की त्या बाईनं माझं खो-खोचं मैदान खाल्लं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचो, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचो, आणि आजही म्हणतो. आमचं भांडण उघड होतं. पाठीमागून कुणी कुणासाठी खड्डा खणला नाही.

बाई बुटक्या, सावळ्या, अंगानं भक्कम. पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज असा की मी शिट्टी मारावी आणि त्यांनी नुसतं "ए" म्हणावं, पोरं त्यांच्या "ए"ला थांबायची. मूळच्या भाईंदरच्या खाडीकाठच्या मोरवा गावच्या. म्हणजे भाईंदरला बिल्डिंगा यायच्या आधीपासूनच्या. आजोबा खाडीत जाळं टाकायचे, वडील मिठागरात. बाई दुपारी डब्यात जवळ्याची चटणी आणायच्या आणि टेबलाच्या बरोबर मध्ये बसून झाकण उघडायच्या. आमच्या एका मॅडमनी एकदा नाकाला रुमाल लावला, तर बाई म्हणाल्या, "वास येतो? मग खिडकी उघडा. खाडी तिकडंच आहे, तिथूनही येईल." त्यानंतर कुणी रुमाल काढला नाही.

शाळेत त्या शुद्ध मराठी बोलायच्या, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती. पण डोकं फिरलं की मोरव्याची बोली बाहेर यायची. "न्हाय जमनार" असं त्या म्हणाल्या की समजायचं, आता हेडसरांचं काही खरं नाही.

त्यांना सगळ्यात जास्त राग होता तो भिंतीवर टांगलेल्या नकाशाचा. तुम्ही म्हणाल भूगोलाच्या बाईला नकाशाचा राग? तर होता. वर्गात एकदा एका पोरानं विचारलं, "बाई, नर्मदा आडवी वाहते, मग ती खाली सांडत कशी नाही?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेका मुलाला उभं करून विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं की निम्म्या वर्गाला असंच वाटतंय: हिमालय वर आहे, कन्याकुमारी खाली आहे, आणि सगळं पाणी भिंतीवरून ओघळावं तसं वरून खाली येतं. बाई तरातरा स्टाफरूममध्ये आल्या, नकाशाची गुंडाळी टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "देश भिंतीला टांगला की असंच होणार. देश जमिनीवर पाहिजे."

मला तेव्हाच पळून जायला हवं होतं. कारण जमीन म्हणजे माझं मैदान.

तीन वर्षांच्या मे महिन्यांत तो नकाशा झाला. पैसे, सिमेंट, परवानग्या हे बाईंनी कसं जमवलं ते त्यांनाच ठाऊक. माजी विद्यार्थ्यांना धरलं, पालकांना धरलं, बिल्डिंगची कामं चालली होती तिथून खडी आणली. मिस्त्री मिळाला अनारुल नावाचा, बंगालमधल्या मालद्याचा. आमच्या नवघरच्या निम्म्या इमारतींच्या मोऱ्या त्याच्या हातच्या. हात चांगला, बोलणं गोड. पहिल्या वर्षी त्यानं पठार केलं, डोंगर केले, बाईंनी आखून दिलेल्या नद्यांच्या चऱ्या पाडल्या, आणि एके दिवशी म्हणाला, "मॅडम, पानी डाल के देखो."

बाईंनी बादलीभर पाणी हिमालयावर ओतलं. पाणी झकास निघालं. पण ते पाटण्याला वळायच्या ऐवजी दिल्लीवरून राजस्थानात शिरलं आणि कच्छला जाऊन पडलं. अनारुलनं मोरीला देतात तसा सगळ्या देशाला एकाच बाजूला उतार देऊन ठेवला होता, गटाराच्या बाजूला. वर खुशीत विचारतो कसा, "एक बूँद नहीं रुकेगा, मॅडम. अच्छा है ना?"

मी लांब उभा राहून मजा बघत होतो. म्हटलं आता बाईंचा फटाका फुटणार. पण बाई खाली बसल्या, त्याला शेजारी बसवलं आणि त्यांच्या भाईंदरच्या हिंदीत विचारलं, "अनारुल, तेरा गाव किधर है?"

"मालदा, मॅडम."

"गंगा किधर से जाती है?"

"एकदम बाजू से. हर साल किसी ना किसी का घर काट के ले जाती है."

"तो अभी देख. तूने गंगा को कच्छ भेज दिया. तेरे गाव में पानी ही नहीं आया."

अनारुल उकिडवा बसून बघत राहिला. बंगाल कोरडा ठणठणीत होता. मग त्यानं हातोडा उचलला आणि स्वतःच फोडायला लागला. पुढच्या मे महिन्यात आपणहून आला, सगळा उतार नव्यानं दिला आणि गंगेच्या मुखाकडच्या फाट्यांसाठी वेगळा एक दिवस मागून घेतला. ते फाटे त्यानं थापीनं नाही, बोटानं काढले.

तिसऱ्या वर्षी डोंगरांना रंग लागला, भोवती समुद्र झाला. समुद्र म्हणजे गुडघ्याच्याही खाली येईल एवढा उथळ चर. त्याला एक भोक होतं, कापडाचा बोळा काढला की पाणी नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून खऱ्या अरबी समुद्रात. बंगालच्या उपसागराचं पाणीही त्याच भोकातून जायचं. मी त्यावर बोट ठेवलं. म्हटलं, बाई, ही तुमची चूक. तर म्हणतात, "भाईंदरला राहायला आल्यावर त्याला दुसरा इलाज आहे का, सावंत? तू नाही आलास परळ सोडून?"

आणि माझ्या खो-खोचा एक खांब हिंदी महासागरात गेला. मी आकांडतांडव केलं. हेडसरांकडे लेखी तक्रार केली. बाई म्हणाल्या, खांब काढणार नाही, पोरांना समुद्रातून पळू दे, पाय स्वच्छ होतील. पुढे कित्येक वर्षं माझी पोरं एका खांबाला जमिनीवरून आणि दुसऱ्याला समुद्रातून वळसा घालायची. बाहेरच्या शाळांचे संघ सरावाला यायचे ते हसायचे. आम्ही त्यांना हरवायचो. हिंदी महासागरात वळायला शिकलेलं पोरगं सपाट मैदानात कुणाच्या हाताला लागतंय!

शाळा सुरू झाली की पाचवीच्या पोरांचं "पाणी सोडणं" व्हायचं. हा बाईंचा रिवाज. मराठी माध्यमाची पोरं आणि संस्थेनं नंतर काढलेल्या इंग्रजी माध्यमाची पोरं, दोन्ही एकत्र. प्रत्येकानं घरून पाण्याची बाटली आणायची, आईबापांना गाव विचारून यायचं, नकाशावर त्या गावी जाऊन उभं राहायचं आणि पाणी ओतायचं. बाई काठावर उभ्या राहून एकच प्रश्न विचारायच्या, "पाणी कुठं जातंय?"

पुस्तकातलं उत्तर चालायचं नाही. पोरानं पाण्याबरोबर चालत जायचं, वाकून बघायचं, पाणी समुद्राला लागलं की मगच सांगायचं. डोळ्यांनी बघून सांगितलं तर बाई म्हणायच्या, "बरोबर. बसा." हे "बरोबर" सहज मिळायचं नाही. दहावीला पहिली आलेली पोरगी मला एकदा म्हणाली, सर, मला भूगोलात भरपूर मार्क पडले, पण बाईंचं बरोबर दोनदाच मिळालं.

मग व्हायची खरी गंमत. कराडचं पोरगं आणि विजयवाड्याचं पोरगं एकाच पाण्यावर निघायचं. नाशिकची मुलगी तिकडे राजमहेंद्रीवाल्याला गाठायची. बिहारचे, नेपाळच्या सीमेवरचे, दिल्लीचे सगळे बंगालला जाऊन एकमेकांवर आदळायचे. बाई म्हणायच्या, "आता बघा कोण कुणाच्या उष्ट्या पाण्यावर जगतंय." वर्षभर ती पोरं एकमेकांना त्यावरून चिडवायची.

एका वर्षी आदित्य नावाच्या पोरानं सूरज नावाच्या पोराला "तुम्ही बाहेरचे, आमच्याकडे येऊन राहताय" असं म्हणून ढकललं. आदित्यचं कुटुंब लालबागहून नवघरला आलेलं, गाव कणकवलीकडचं. सूरज जौनपूरचा. मामला माझ्याकडे आला, कारण मारामारी म्हणजे पी.टी. मी दोघांना कान धरून उभं केलं होतं तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी दोघांना नकाशावर नेलं. सगळी पाचवी भोवती. सूरजनं पाणी ओतलं, ते निघालं रमतगमत, गोमतीतून गंगेत, पाटणा, बंगाल करत, आणि सूरज त्याच्या मागे मागे. आदित्यनं ओतलं ते पापणी लवायच्या आत समुद्रात. पोरं खो खो हसली.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "कोकणातल्या पाण्याला घाई असते." मग त्यांचा आवाज चढला. "बाहेरचा कोण हे ठरवायचं आहे ना? चला, ठरवू. हक्क कुणाचा? मोरवा, नवघर, घोडबंदर, इथल्या गावठाणातल्या माणसांचा. म्हणजे माझा. मग ऐका. सूरज, तू बाहेरचा. आदित्य, तूपण बाहेरचा. हेडसर बाहेरचे. हे सावंतसर, परळहून आले, हेपण बाहेरचे. शिपाईकाका चिपळूणचे, चला, बाहेर. राहिलं कोण? मी एकटी. आता मी एकटीनं शाळा भरवू? मीच घंटा देऊ, मीच हजेरी लावू आणि मीच हजर म्हनू?"

"मला कशाला मध्ये ओढताय?" मी म्हटलं.

"का? लागलं ना? मग त्याला किती लागलं असेल?"

आदित्यचा बाप दुसऱ्या दिवशी तणतणत आला. मराठी शाळेत मराठी मुलाला बाहेरचा म्हणतात म्हणजे काय, वगैरे. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "साहेब, मी मराठीच आहे, आणि मी इथली आहे. तुम्ही येताना माझ्या बापाला विचारून आला होता का? नव्हता. त्यानं तुम्हाला कधी ढकललं?" तो माणूस उठला. जाताना तो नकाशापाशी थांबून कणकवली शोधत होता, हे मी खिडकीतून पाहिलं.

देशाचं कौतुक करणाऱ्या भाषणांनी बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "एवढा मोठा आपला देश" असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "मोठा आहे म्हणजे काय? मोठ्या घराला झाडू जास्त मारावा लागतो. मारतंय कोण ते सांगा." आणि अर्थव्यवस्था हा धडा त्या पोरांच्या डब्यातून शिकवायच्या. डबे उघडायचे आणि आपल्या डब्यातला एकेक जिन्नस तो जिथून आला त्या जागी नेऊन ठेवायचा. गव्हाची पोळी मध्य प्रदेशावर, बटाटा आग्र्यापाशी, खोबरं केरळात. कुठून आलं माहीत नसेल तर दुकानदाराला विचारून ये, तोवर डबा बंद. दुकानदार वैतागले होते पार.

एकदा सविता नावाच्या मुलीच्या डब्यात नुसती भाकरी आणि मिठाचे दोन खडे होते. तिचे आईबाप तलासरीकडून मिठागरात कामाला आलेले. ती डबा उघडेना. पुढच्या बाकावरच्या मुलीनं डोकावून बघितलं आणि ओरडली, "बाई, हिच्याकडे काहीच नाहीये!" मी दारातच उभा होतो. बाईंचा चेहरा बघून मला वाटलं आता त्या पुढच्या बाकावरच्या मुलीची खैर नाही. पण त्या सविताजवळ गेल्या आणि विचारलं, "मीठ कुठलं गं?" ती म्हणाली, "आमच्या आगरातलं. बाबा आणतो." बाई वर्गाकडे वळल्या. "इथं चाळीस डबे आहेत. सगळा देश आहे त्यात. भाईंदर कुणाच्या डब्यात आहे? हात वर करा." कुणाचाच हात वर झाला नाही. "सविता, ते मीठ भाईंदरवर नेऊन ठेव. आणि बाकीच्यांनी एकेक घास तिच्याकडे आणून त्या मिठाला लावून खा." पोरांनी रांग लावली. मी तिथून निघून गेलो. डोळ्यांत पाणी यायला लागलं की मी निघून जातो.

बाई निवृत्त झाल्या तरी पाणी सोडायच्या दिवशी न चुकता यायच्या. आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी संस्थेला त्या जागेवर टर्फ करायची बुद्धी सुचली. अध्यक्षांनी सभा बोलावली. बोलावली म्हणजे आम्हाला कळवायला; ठरवून झालंच होतं. बाईंना आमंत्रण नव्हतं, त्या आपल्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "बाई, तुमच्या कामाचा आम्हाला आदरच आहे. पण काळ बदललाय. आता प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड आहे. त्यावर थ्रीडी नकाशा दिसतो, गोल फिरवता येतो."

"दिसतो ना," बाई म्हणाल्या. "पाणी ओता त्याच्यावर."

सभेत हशा पिकला. अध्यक्षही हसले. आणि मग त्या माणसानं माझ्याकडे हात केला. "शिवाय, मैदानाची मागणी तर आपल्या सावंतसरांचीच आहे. त्यांचे लेखी अर्ज आहेत आमच्याकडे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताडकन उठलो. "मी मैदान मागितलं होतं, देश फोडा म्हणून नव्हतं सांगितलं! आणि खो-खो मातीत खेळतात, प्लास्टिकवर नाही! तुमच्या त्या जाळीच्या पिंजऱ्यात माझी पोरं काय खेळणार, लपाछपी?"

"सर, मैदान काय हवेत असतं का?" अध्यक्ष म्हणाले. किती शांतपणे म्हणाले! मी खुर्ची सरकवून पुढे निघालो होतो, काय केलं असतं माझं मलाच माहीत नाही. बाईंनी माझं मनगट धरलं.

"सावंत, बस खाली. तुझं भांडण माझ्याशी हाय, यांच्याशी न्हाय. आपलं आपण बघू." मग त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "शाळा उघडी असताना फोडा. पोरांच्या डोळ्यांदेखत. मी येते, मी सांगते त्यांना कशाला फोडताय ते."

हे मात्र त्यांनी बरोबर ऐकलं आणि बरोबर उलटं केलं. दिवाळीच्या सुट्टीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा बहुतेक सगळे गावी. मी गावी गेलो नव्हतो म्हणून शिपाईकाकांचा फोन आला तसा धावलो. ब्रेकरवाल्यांनी हिमालयापासून सुरुवात केली होती, कारण तोच सगळ्यात उंच. मी पोचलो तेव्हा विंध्यापर्यंत आले होते. मी ओरडलो, आडवा उभा राहिलो. ठेकेदार म्हणाला, "सर, लेटर है मेरे पास." महासागरातला खांब त्यांनी माझ्यासमोर उपटला. मी तिथल्या तिथे मटकन बसलो, तुटलेल्या हिमालयावर.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. रडतील असं वाटलं होतं. त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी धड बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "डेब्रिज कुठं टाकलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी शिपाईकाकांना डंपर कुठल्या दिशेला गेला विचारलं, मला स्कूटर काढायला लावली आणि मागे बसून रस्ता सांगत गेल्या. डावीकडे घे, खाली उतर, आता सरळ. आम्ही मोरव्याकडच्या मिठागराच्या बांधावर जाऊन थांबलो. त्यांचे वडील जिथे आयुष्यभर राबले तेच आगर. तिथे ढीग पडला होता. हिरवे, तपकिरी, निळे तुकडे. भरतीचं पाणी आगरात घ्यायचा जो चर होता, नेमका त्याच्यातच अर्धा ढीग लोटला होता. खाडीचं पाणी येऊन त्या तुकड्यांना थडकत होतं आणि मागे फिरत होतं.

मी या बाईशी अठरा-वीस वर्षं भांडलो, पण असा राग मी कधी बघितला नव्हता. बाई ओरडल्या, "मेल्यांनो! माझा देश फोडलात तो फोडलात, वर माज्या बापाच्या आगराच्या नरड्यात नेऊन कोंबलात? पान्याची वाट अडवता? पान्याची? यांना काय शिकवलं कुनी? भूगोल कुनी शिकवला यांना?"

मग चपला काढून त्या चिखलात उतरल्या. साठीला टेकलेली बाई. पदर खोचून एकेक तुकडा उपसून बांधावर फेकायला लागल्या. "बाई, लागेल, राहू द्या," मी म्हटलं. "तू पी.टी.चा मास्तर ना? मग उतर," त्या म्हणाल्या. उतरलो. आगरात कामाला असलेली चार माणसं आली, तीही उतरली. दुपार कलेपर्यंत चर मोकळा झाला. पाणी आत शिरलं, या खणातून त्या खणात पसरलं. बाई कमरेवर हात ठेवून ते शेवटच्या खणात पोचेपर्यंत बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. स्कूटरवर बसताना म्हणाल्या, "हे तरी चालू राहू दे."

सव्वीस जानेवारीला टर्फचं उद्घाटन होतं. आमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं: माजी शिक्षिका श्रीमती कुंदा भोईर यांचा हृद्य सत्कार. या लोकांना लाज म्हणून काही असते का? आधी फोडायचा, मग शाल घालायची! मला शंभर टक्के खात्री होती की बाई येणार नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना सांगतही होतो, येऊ नका.

बाई आल्या. निळं सुती लुगडं, पदर खोचलेला. झेंडावंदन झालं. मग सगळे मागच्या अंगणात. टर्फच्या तोंडाशी पाटी: चप्पल-बूट बाहेर काढावेत. चहूबाजूंनी उंच जाळी. पाचवीची पोरं गालिच्याच्या कडेला रांगेत बसवलेली, त्या दिवशी पाहुणे होते म्हणून त्यांना आत घेतलं होतं, एरवी बंदी. अध्यक्षांनी बाईंना शाल घातली, नारळ दिला, देशासाठी, भावी पिढीसाठी असं बरंच काही बोलले आणि माइक पुढे केला. "बाई, दोन शब्द."

बाईंनी माइक घेतला नाही. शाल काढून खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला. पाहुण्यांच्या टेबलावर पाण्यानं भरलेला तांब्या होता, तो उचलला आणि चपला घालूनच टर्फवर उतरल्या. कुणीतरी मागून "बाई, चप्पल" म्हणालं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला.

गालिच्याच्या मधोमध जाऊन त्या थांबल्या. पाचवीतल्या एका मुलीला बोटानं जवळ बोलावलं. "गाव कुठलं तुझं?"

"गोंदिया, बाई."

"ये. धर." तिच्या हातात त्यांनी तांब्या दिला. "ओत."

मुलीनं अध्यक्षांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं तांब्या उपडा केला. पाणी त्या प्लास्टिकच्या गवतात पडलं आणि तिथंच पसरलं, एक काळपट डाग झाला. खाली सपाट काँक्रीट. सगळी पाचवी आपणहून उठून भोवती येऊन उभी राहिली. मी शिट्टी वाजवली नाही.

"पाणी कुठं जातंय?" बाईंनी विचारलं.

मुलगी वाकली. गुडघ्यावर बसली. हातानं गवत बाजूला करून बघितलं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं जाऊन बघितलं. पाहुण्यांमध्ये कुणीतरी घसा खाकरला. तिनं वर मान केली.

"कुठंच नाही, बाई."

"बरोबर," भोईरबाई म्हणाल्या. "बसा."